बार्बरा स्टॅनविक : ब्रुकलिनची रूबी ते 'बिग व्हॅली'ची मालकीण

पारिजात

हॉलिवूडच्या जुन्या व्यवस्थेत चाळिशी उलटलेल्या नटीला कामं कुठली मिळायची? नायकाची आई, एखादी खाष्ट आत्या, आणि मग हळूहळू काहीच नाही. ज्या बार्बरा स्टॅनविकने या रिवाजाला दाद दिली नाही, तिच्याबद्दल मराठीत फारसं कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. ती माझी अतिशय लाडकी नटी आहे हे आधीच सांगते.

जन्म १६ जुलै १९०७, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. खरं नाव रूबी कॅथरिन स्टीव्हन्स. पाच भावंडांतली धाकटी. रूबी चार वर्षांची असताना तिच्या आईला एका दारुड्याने चालत्या ट्राममधून ढकललं. आई तेव्हा गरोदर होती. ती त्यातून वाचली नाही. अंत्यसंस्कारानंतर काही दिवसांतच वडील पनामा कालव्याच्या खोदकामावर निघून गेले, ते परत आलेच नाहीत. रूबी आणि तिच्याहून थोडा मोठा भाऊ, दोघं कधी थोरल्या बहिणीकडे, कधी पैसे देऊन मुलं सांभाळणाऱ्या परक्या घरांत वाढले. एका घरातून दुसऱ्या घरात. अशा घरांतून ती सारखी पळून जायची.

थोरली बहीण मिल्ड्रेड रंगमंचावर नाचायची. तिच्यामागे विंगेत उभं राहून रूबी नाच शिकली. चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली. दुकानात पुडकी बांधणं, टेलिफोन कंपनीत कार्डं लावणं अशी कामं केली. मग टाइम्स स्क्वेअरमधल्या एका क्लबात कोरसमध्ये जागा मिळाली, आणि लवकरच 'झीगफेल्ड फॉलीज' या न्यूयॉर्कच्या गाजलेल्या नाच-गाण्यांच्या कार्यक्रमात. पोरसवदा वयात ती रात्रभर नाचून पोट भरत होती.

१९२६ साली 'द नूस' या नाटकात तिला छोटी भूमिका मिळाली. लेखक-दिग्दर्शक विलर्ड मॅकने तालमीत तिच्यातली ताकद ओळखली आणि भूमिका वाढवली. 'बार्बरा स्टॅनविक' हे नाव तेव्हाचं. पुढच्या वर्षी 'बर्लेस्क' हे नाटक ब्रॉडवेवर जोरात चाललं आणि ती नायिका झाली.

१९२८ मध्ये तिने फ्रँक फे या त्या काळच्या गाजलेल्या विनोदी नटाशी लग्न केलं आणि दोघं हॉलिवूडला आले. पहिले सिनेमे पडले. दिग्दर्शक फ्रँक काप्राबरोबरची पहिली भेट इतकी वाईट झाली की ती रडत घरी गेली. फेने फोन करून काप्राला तिची एक जुनी स्क्रीन टेस्ट बघायला लावली. ती बघून काप्राने तिला 'लेडीज ऑफ लेझर'मध्ये (१९३०) घेतलं आणि तिथून तिचं नशीब पालटलं. पुढे त्यांनी आणखी चार सिनेमे एकत्र केले.

लग्नाचं मात्र वाटोळं झालं. तिचा आलेख चढत गेला, त्याचा उतरत गेला. दारू आणि मारहाण. १९३५ मध्ये घटस्फोट. १९३९ मध्ये नट रॉबर्ट टेलरशी दुसरं लग्न, तेही १९५१ मध्ये मोडलं. त्यानंतर तिने लग्न केलं नाही.

'स्टेला डॅलस' (१९३७) या भूमिकेसाठी निर्माता सॅम्युअल गोल्डविनला ती नको होती. अनेक चित्रपट केलेल्या नटीला स्क्रीन टेस्ट द्यायला लावली, आणि तिने ती दिली. भडक कपडे घालणारी, मोठ्याने बोलणारी, गरीब घरातून आलेली स्टेला स्वतःच्या मुलीचं भलं व्हावं म्हणून तिला आपल्यापासून तोडते. शेवटी लेकीचं लग्न लागत असताना ती रस्त्यावर पावसात, खिडकीबाहेरच्या गर्दीत उभी आहे. पोलीस पुढे व्हायला सांगतो, तर ती वधूचा चेहरा एकदा बघू द्या म्हणून विनवते. दातांत रुमाल धरलेला. त्या चेहऱ्यावर दुःख आणि तृप्ती एकाच वेळी आहेत, आणि कुठलं कधी वर येतं ते कळत नाही. यासाठी पहिलं ऑस्कर नामांकन. पारितोषिक लुईस रायनरला गेलं.

१९४१ या एका वर्षात तिचे चार सिनेमे आले. 'द लेडी ईव्ह'मधली पत्त्यांत फसवणारी ठकसेन, 'मीट जॉन डो'मधली वार्ताहर, 'बॉल ऑफ फायर'मधली नाइटक्लबची गायिका, आणि 'यू बिलाँग टू मी'मधली डॉक्टर. तीन वर्षांनी 'डबल इन्डेम्निटी'. त्याच वर्षी, १९४४ मध्ये, अमेरिकेतली सर्वांत जास्त कमावणारी स्त्री म्हणून सरकारी नोंदीत तिचं नाव आलं. पुडकी बांधणारी रूबी!

चार नामांकनं : 'स्टेला डॅलस', 'बॉल ऑफ फायर', 'डबल इन्डेम्निटी' आणि 'सॉरी, राँग नंबर' (१९४८). स्पर्धेतलं ऑस्कर एकदाही नाही. १९८२ मध्ये मानद ऑस्कर दिलं.

टीव्हीबद्दल मुद्दाम वेगळं लिहायचं आहे, तो माझ्या मते तिच्या आयुष्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे. पण आधी तुम्ही लिहा.

---

शुक्रतारा

फार सुंदर धागा, पारिजात. 'डबल इन्डेम्निटी'बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्यातला खुनाचा प्रसंग आठवा. गाडीत नवरा शेजारी बसलाय, प्रियकर मागच्या सीटखाली लपलाय. ती ठरल्याप्रमाणे हॉर्न वाजवते आणि तो नवऱ्याचा गळा दाबतो. दिग्दर्शक बिली वाइल्डर खून दाखवतच नाही. कॅमेरा गाडी चालवणाऱ्या बार्बराच्या चेहऱ्यावर थांबतो. ती समोर रस्त्याकडे बघतेय. डोळे जरासे मोठे होतात, ओठांच्या कडेला किंचित काहीतरी हलतं. बस. एवढ्यावर तो सगळा खून आपल्याला दिसतो.

ती भूमिका घ्यायला ती घाबरली होती, कारण तोवर इतकी काळ्या मनाची बाई तिने केली नव्हती. वाइल्डरने विचारलं, तू उंदीर आहेस की नटी? तिने सिनेमा घेतला. त्यात तिने घातलेला सोनेरी केसांचा टोप मात्र स्टुडिओच्या प्रमुखाला आवडला नव्हता. त्या टोपामुळे त्याला तिच्यात अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन दिसला. वाइल्डरला तो खोटेपणाच हवा होता.

सात नामांकनं मिळूनही त्या सिनेमाला एकही ऑस्कर मिळालं नाही. नायिकेचं ऑस्कर 'गॅसलाइट'साठी इंग्रिड बर्गमनला मिळालं. बर्गमन मोठीच, पण आज ऐंशी वर्षांनी कुठलं काम जास्त ताजं वाटतं?

---

रेवाकाठ

'बेबी फेस' राहिला की! १९३३ चा. लिली पॉवर्स नावाची गरीब मुलगी बँकेत नोकरीला लागते आणि एकेका साहेबाला गुंडाळत एकेक मजला वर चढते. प्रत्येक वेळी कॅमेरा इमारतीच्या बाहेरून वरच्या मजल्यावर सरकतो. सेन्सॉरने तेव्हाच बरंच कापलं होतं, आणि पुढच्याच वर्षी जी कडक आचारसंहिता लागू झाली तिला कारण ठरलेल्या सिनेमांत याचं नाव घेतात. न कापलेली प्रत २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साठ्यात सापडली.

मला एक विचारायचंय. इतक्या धीट भूमिका तिला मिळत कशा होत्या? तेव्हा तर स्टुडिओ ठरवतील ते करावं लागायचं ना?

---

कॅमेरामागचा

@रेवाकाठ, याचं उत्तर करारांत आहे. बेटी डेव्हिस वॉर्नरकडे, जोन क्रॉफर्ड एमजीएमकडे वर्षानुवर्षं बांधलेल्या होत्या. पगार ठरलेला, सिनेमा स्टुडिओ ठरवणार, नकार दिला तर निलंबन. बार्बरा बहुतेक काळ कुणा एकाची बांधील नव्हती. कोलंबिया, वॉर्नर, आरकेओ, पॅरामाउंट असं जिथे पटकथा पटेल तिथे जायची. यात तोटाही होता. तिची प्रतिमा जपणारा, तिच्यासाठी ऑस्करची मोर्चेबांधणी करणारा हक्काचा स्टुडिओ तिच्यामागे कधी उभा राहिला नाही. पारितोषिक न मिळण्याचं हे मोठं कारण आहे असं माझं मत.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. काप्राच्या लक्षात आलं की ही मुलगी पहिल्याच टेकमध्ये सगळं ओतते, नंतर तीच धार राहत नाही. म्हणून तो इतरांच्या तालमी तिच्याशिवाय घ्यायचा आणि तिचा प्रसंग एकापेक्षा जास्त कॅमेरे लावून चित्रित करायचा. एका वेळी दोन-तीन कोनांतून प्रकाशयोजना करणं किती जिकिरीचं असतं हे सेटवर काम केलेल्यांना विचारा. लांबच्या शॉटला चालणारा दिवा जवळच्या शॉटला नाकाची सावली गालावर पाडतो. एका नवख्या नटीसाठी सगळ्या युनिटने ही कसरत केली, यावरून तिचं पहिल्या टेकमधलं काम कसं असेल ते ओळखा.

---

अभय_एडिसन

धागा वाचतोय, माहिती चांगली आहे. पण एक बाजू येत नाहीये म्हणून लिहितो.

ती आणि रॉबर्ट टेलर कम्युनिस्टविरोधी 'मोशन पिक्चर अलायन्स'चे सदस्य होते. १९४७ मध्ये टेलरने संसदीय समितीसमोर जाऊन सहकलाकारांची नावं घेतली. त्या वातावरणात किती लेखक-नटांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली हे आपण जाणतो. शिवाय फेबरोबर असताना तिने एक मुलगा दत्तक घेतला होता. त्याला लहानपणीच निवासी शाळेत ठेवलं आणि मोठेपणी दोघांचा संबंधच उरला नाही. पडद्यावर स्टेला डॅलस आणि घरी हे. कलाकाराचं कौतुक करताना हे विसरावं असं मला वाटत नाही.

---

पारिजात

@अभय_एडिसन, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तुम्ही लिहिल्यात ते बरं केलंत.

राजकारणाबद्दल मी तिची बाजू घेणार नाही. ती कट्टर रिपब्लिकन होती. मी गरिबीतून कष्टाने वर आले, इतरांनीही यावं, सरकारने मदत कशाला करायची, असं तिचं म्हणणं होतं. मला ते अजिबात पटत नाही. पण साक्ष टेलरने दिली, तिने नाही, एवढा फरक ठेवू या.

मुलाची गोष्ट वाचते तेव्हा मला फार वाईट वाटतं. परक्या घरांत वाढलेल्या मुलीने आपल्या मुलालाही परक्यांच्या हाती दिलं. ज्याला आई मिळालीच नाही त्याला आई होणं जमतंच असं नाही, हे मी समजू शकते. त्या मुलाच्या वाट्याला जे आलं ते त्याने कमी होत नाही.

---

सुलभा_मावशी

पारिजात, किती छान लिहिलं आहेस गं. मी इथे ओहायोला आले तेव्हा दुपारी टीव्हीवर 'द बिग व्हॅली'चे जुने भाग लागायचे. इंग्रजी कानावर बसायचं होतं, म्हणून बघायला लागले आणि त्या व्हिक्टोरिया बार्कलीच्या प्रेमातच पडले. पांढरे केस, घोड्यावर ताठ बसलेली, हातात बंदूक. मुलं तिच्यासमोर आवाज चढवत नाहीत. तिचा तो सावत्र मुलगा आहे ना, तिच्या नवऱ्याचा बाहेरचा, त्याला ती ज्या तऱ्हेने घरात घेते ते मी कधी विसरणार नाही. आपल्याकडच्या पौराणिक नाटकांतल्या आया आठवल्या. तू टीव्हीबद्दल लिहिणार होतीस ना? लिही बघू.

---

पारिजात

मावशी, तुम्ही सांगितलंत म्हणून आताच बसले.

पन्नासच्या दशकात तिला चांगले सिनेमे मिळेनासे झाले. 'द फ्युरीज' (१९५०), 'क्लॅश बाय नाइट' (१९५२), 'टायटॅनिक' (१९५३) अशी काही कामं उत्तम आहेत, बाकी बरीच यथातथा. वेस्टर्नमध्ये, म्हणजे घोडे-बंदुकांच्या सिनेमांत, मात्र ती रमली. 'फॉर्टी गन्स'मध्ये (१९५७) घोडा तिला रिकिबीत पाय अडकलेल्या अवस्थेत फरफटत नेतो असा प्रसंग आहे. तो तिने बदली कलाकाराला न देता स्वतः केला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, एकाहून अधिक वेळा.

त्या वेळचे मोठे सिनेनट टीव्हीकडे तुच्छतेने बघत. छोटा पडदा, कमी पैसे, एका आठवड्यात एक भाग उरकायचा. बार्बराला त्यात कमीपणा वाटला नाही. १९६० मध्ये एनबीसी वाहिनीवर 'द बार्बरा स्टॅनविक शो' आला. दर आठवड्याला नवी कथा. एका हंगामात बंद पडला, पण तिला १९६१ चं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं पारितोषिक, देऊन गेला.

मग १९६५ मध्ये एबीसी वाहिनीवर 'द बिग व्हॅली'. १८७० च्या दशकातलं कॅलिफोर्निया, स्टॉकटनजवळचं मोठं गुरांचं रान, आणि विधवा मालकीण. तेव्हाच्या वेस्टर्न मालिका बघा : 'बोनान्झा'त बाप आणि तीन मुलगे, आई एकही नाही. बायका पाहुण्या कलाकार म्हणून यायच्या आणि तासाभरात मरायच्या किंवा निघून जायच्या. इथे अठ्ठावन्न वर्षांची बाई केंद्रस्थानी होती. हातात चहाचा कप घेऊन मुलांची वाट बघणारी आई मी करणार नाही, अशी तिची भूमिका होती. व्हिक्टोरिया घोडा हाकते, बंदूक चालवते, खाणीत अडकते, आगीतून बाहेर पडते. चार हंगाम, ११२ भाग. १९६६ चं एमी तिला मिळालं.

माझं म्हणणं असं आहे. तिच्या पिढीच्या अनेक तारकांना टीव्हीचा वेग झेपला नाही, कारण त्यांना राणीसारखं वागवून घ्यायची सवय होती. ही कोरसमधून आलेली. दिवसभर उभं राहणं, वेळेवर येणं, सांगितलेलं मुकाट करणं हे तिच्या अंगात पंधराव्या वर्षीच मुरलं होतं. चित्रीकरण सुरू होण्याआधी तिला फक्त स्वतःचे नाही, सगळ्यांचे संवाद पाठ असत. सेटवर ती सर्वांत आधी हजर. सुतार, दिवेवाले, रंगभूषाकार यांना ती नावाने हाक मारायची, त्यांच्या मुलांची चौकशी करायची, आणि ते तिला 'मिसी' म्हणत. दिग्दर्शक सिसिल बी. डमिलसारख्या जमदग्नीनेही लिहून ठेवलंय की इतकी समजूतदार नटी त्याला दुसरी भेटली नाही. हा चांगुलपणा मला तिच्या अभिनयाहून वेगळा वाटत नाही. ती स्वतःला तिथल्या कामगारांपैकीच एक समजत होती, म्हणून वय झाल्यावर काम सुटलं नाही.

---

शुक्रतारा

विल्यम होल्डनची गोष्टही इथे यायला हवी. 'गोल्डन बॉय' (१९३९) हा त्याचा पहिला मोठा सिनेमा, वय एकवीस. पहिल्या दिवसांतलं काम बघून स्टुडिओ त्याला काढायला निघाला होता. बार्बरा आडवी आली. त्याला राहू द्या म्हणाली, आणि दिवसाचं काम संपल्यावर त्याच्याकडून संवाद घोटून घ्यायची. १९७८ च्या ऑस्कर सोहळ्यात दोघं ध्वनीचं पारितोषिक द्यायला एकत्र आले, तेव्हा होल्डनने ठरलेलं बोलणं बाजूला ठेवून एकोणचाळीस वर्षांपूर्वीचे तिचे उपकार सगळ्यांसमोर सांगितले. ती गोंधळून गेली, मग त्याला मिठी मारली. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. चार महिन्यांनी तिला मानद ऑस्कर मिळालं. त्याला नेहमी वाटायचं की हिला ऑस्कर मिळावं, ते तिने व्यासपीठावर सांगितलं, आणि माझ्या सोनेरी मुला, तुझी इच्छा पूर्ण झाली, असं म्हणाली.

---

रेवाकाठ

'क्लॅश बाय नाइट'मध्ये मेरिलिन मन्रो पण आहे. मन्रो उशिरा यायची, संवाद विसरायची, आणि पत्रकार सगळे तिच्याचभोवती. बार्बराने तिच्यावर आवाज चढवल्याचं कुठे वाचलेलं नाही. उलट सांभाळून घेतलं असंच सगळे सांगतात.

'द थॉर्न बर्ड्स'बद्दल कुणी लिहाल का? आईकडून नाव ऐकलंय फक्त.

---

कॅमेरामागचा

@रेवाकाठ, एबीसीवर मार्च १९८३ मध्ये आलेली मालिका. ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या प्रचंड मोठ्या रानाची म्हातारी मालकीण, मेरी कार्सन. तरुण पाद्री राल्फवर (रिचर्ड चेंबरलेन) तिचा जीव जडलाय आणि तो तिला कधीच मिळणार नाही. पंचाहत्तरीच्या आतबाहेरची बार्बरा त्याला सांगते की शरीर म्हातारं झालं तरी आतली मी अजून तरुण आहे, अजून मला हवंसं वाटतं, आणि मग देवावर संतापते. म्हाताऱ्या बाईची वासना इतक्या उघडपणे, इतक्या सन्मानाने टीव्हीवर क्वचितच दाखवली गेली असेल. त्यात ती हास्यास्पद कुठेच होत नाही. दरवाजात उभी आहे, प्रकाश एका बाजूने, आणि तिने चेहऱ्यावरची एकही सुरकुती लपवायला सांगितलेली दिसत नाही.

या कामाचं एमी तिसरं. ते घेताना ती स्वतःबद्दल फार थोडं बोलली. त्याच विभागात नामांकन असलेल्या ॲन-मार्गरेटच्या कामाची तिने सगळ्यांसमोर तारीफ केली.

---

अभय_एडिसन

@पारिजात, तुमचं उत्तर आवडलं. राजकारणाबद्दल माझं मत कायम आहे, पण कामगारांचा मुद्दा मी असा पाहिला नव्हता. शेवटची वर्षं कशी गेली?

---

पारिजात

अभयजी, शेवट सोपा नव्हता. १९८१ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या घरात रात्री चोर शिरला, तिच्या डोक्यावर मारलं आणि कपाटात कोंडून दागिने नेले. लहानपणापासून सिगारेट ओढत होती, त्याने फुप्फुसं गेली. 'थॉर्न बर्ड्स'च्या चित्रीकरणात वापरलेल्या कृत्रिम धुराचाही त्रास झाला. तरी १९८५ मध्ये 'डायनेस्टी' या मालिकेतून निघालेली 'द कोल्बीज' ही मालिका घेतली. पटकथा तिला पटेना, त्याच त्या गोष्टी लिहितात असं वाटलं, म्हणून पहिल्या हंगामानंतर सोडली. ७८ व्या वर्षीही पटकथा पटली नाही तर निघून जायची तयारी!

१९८७ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा जीवनगौरव मिळाला. २० जानेवारी १९९० ला सँटा मोनिकात ती गेली. अंत्यविधी नको असं सांगून ठेवलं होतं. अस्थी कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या परिसरात विखुरल्या. तिथे तिने वेस्टर्न केले होते.

---

गारवा२१

आजपर्यंत मी हिचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. धागा वाचून फार उत्सुकता वाटतेय. कुठून सुरुवात करू?

---

सुलभा_मावशी

गारवा, आधी 'द लेडी ईव्ह' बघ. नायक हेन्री फोंडाला ती कशी फिरवते ते बघताना हसून पुरेवाट होईल. मग 'डबल इन्डेम्निटी'. 'स्टेला डॅलस' मात्र सवड काढून बघ, आणि बघून झालं की इथे येऊन लिही, मी वाट बघतेय.

---

कॅमेरामागचा

मावशींच्या यादीत 'बॉल ऑफ फायर' घालतो. त्यात जीन क्रुपाच्या ड्रमवर ती गाते (आवाज दुसऱ्या गायिकेचा आहे, पण नाच तिचाच). पायांकडे लक्ष ठेवा, झीगफेल्डच्या कोरसमधली मुलगी अजून तिथे आहे.